शेताच्या पोटांतील धन आणि शेताचा धनी

(लेखक : एक निवृत्त महसूल लिपिक, मनीषनगर, नागपूर)

आमच्या मनीषनगरांत आज जेथें तीनमजली-चारमजली इमारती दाटीनें उभ्या आहेत, तेथें एका पिढीपूर्वीं शेतें होतीं. शेतें जाऊन लेआउट पडले, धुऱ्यांच्या जागीं रस्ते आले आणि मोटेच्या विहिरींऐवजीं भूखंडाच्या कोपऱ्यांत बोअरवेलचा पाइप दिसूं लागला. गेल्या उन्हाळ्यांत शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या अंगणांत असेंच बोअरचें यंत्र चाललें होतें. तीनशें फूट खोल गेलें तरी पाणी लागेना. तेव्हां ते थट्टेनें मला म्हणाले, "पाणी न लागो, पण खालीं तेल किंवा वायु लागला तर तो माझाच कीं नाहीं? तुम्ही जन्मभर महसुलांत काढलात, तुम्हीच सांगा." मींहि हंसून म्हटलें, "पाणी लागलें तर तुमचें. वायु लागला तर सरकारचा." त्यांस तें पटेना. ते घरांत जाऊन खरेदीखत घेऊन आले आणि म्हणाले, "हें पाहा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस भूखंड क्रमांक अमुक. चारी बाजू लिहिल्या आहेत. खालच्या बाजूस सरकारची हद्द लागते असें यांत कोठें लिहिलें आहे?"

प्रश्न थट्टेंत निघाला, पण तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. कारण शहरांतील भूखंडधारकास जो प्रश्न करमणुकीचा, तोच प्रश्न ज्याचें पोट पांच एकरांवर आहे अशा कास्तकारास प्राणांतिक होऊं शकतो. पाण्याच्या बाबतींतहि महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आल्यापासून मालकाची सत्ता पूर्वीइतकी निरंकुश राहिलेली नाहीं, हें मीं शेजाऱ्यांस सांगितलें नाहीं; सांगितलें असतें तर बोअरचें यंत्र त्यांनीं तेव्हांच परत पाठविलें असतें. असो.

हल्लीं वर्तमानपत्रांतून जलदाबानें खडक फोडून वायु काढण्याच्या युक्तीविषयीं वारंवार वाचावयास मिळतें. ही युक्ति काय आहे तें आधीं थोडक्यांत सांगतों. साधा नैसर्गिक वायु सच्छिद्र खडकांत साठलेला असतो; तेथपर्यंत नळी गेली कीं तो आपल्या दाबानें वर येतो. पण शेल नांवाचा जो घट्ट, पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक आहे, त्यांत वायु कणाकणाशीं कोंडलेला असतो. तो सुटावा म्हणून विहीर आधीं हजारों फूट सरळ खालीं नेतात, मग थरांत शिरल्यावर आडवी वळवितात, आणि पाणी, वाळू व थोडीं रसायनें यांचें मिश्रण प्रचंड दाबानें आंत कोंबतात. खडकाला बारीक भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगा मिटूं देत नाहींत, आणि वायु वाट काढतो. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत १९४७ सालीं याचा पहिला प्रयोग झाला व १९४९ पासून धंद्याच्या रूपानें तो सुरू झाला. मात्र आडव्या विहिरीशीं त्याची जोड बसून मोठें उत्पन्न निघूं लागलें तें गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलें.

यास पाणी किती लागतें? अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या आंकड्यांप्रमाणें एका विहिरीस सुमारे १५ लाख गॅलनपासून १ कोटी ६० लाख गॅलनपर्यंत. आपल्या हिशेबानें कमींत कमी ५७ लाख लिटर आणि जास्तींत जास्त ६ कोटी लिटर. एका एकराला दोन इंच पाण्याची एक पाळी द्यावयाची तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागतें. म्हणजे एका वायुविहिरीच्या एका फोडणींत निदान २८ एकरांची आणि क्वचित् ३०० एकरांची एक पाळी खर्चीं पडते. वरुड-काटोलकडील ज्या संत्रेवाल्यांनीं आटलेल्या विहिरींखालीं झाडें वाळतांना पाहिलीं आहेत, त्यांस या आंकड्याचा अर्थ मीं सांगावयास नको.

आपल्याकडे शेलपेक्षां कोळशाच्या थरांत अडकलेल्या वायूचा, म्हणजे मिथेनचा, संबंध अधिक जवळचा आहे. हिंदुस्थान सरकारनें यासंबंधीं धोरण १९९७ सालीं ठरविलें. बंगालमधील राणीगंज भागांत १४ जुलै २००७ रोजीं त्याचें व्यापारी उत्पादन सुरू झालें, आणि मध्यप्रदेशांतील शहडोलकडे सोहागपूर येथें २०१७ सालीं. तेथेंहि थर फोडण्यासाठीं जलदाबाचा उपयोग होतो. पाणी शेलपेक्षां कमी लागतें. पण कोळशाच्या वायूची एक निराळीच खोड आहे. थरांतील पाणी आधीं उपसून दाब उतरवावा लागतो, तेव्हांच वायु सुटतो. म्हणजे शेलला पाणी पाजावें लागतें आणि कोळशाचें पाणी काढावें लागतें. कोळशाचा थर जर गांवच्या विहिरींच्या झऱ्यांपासून फार खोल नसेल, तर त्या उपशाचा परिणाम कोणाच्या मोटारपंपावर दिसेल हें उघड आहे.

नागपूर जिल्ह्यांतील शेतांत अशी वायूची विहीर मीं पाहिलेली नाहीं. पण कामठी, उमरेड, सावनेर, पलीकडे वर्धा नदीच्या खोऱ्यांत वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, हा सर्व टापू कोळशावर बसलेला आहे. आणि वऱ्हाड-नागपूरच्या कास्तकारास जमिनीखालच्या धनाचा कायदा जो शिकावा लागला तो कोळशानेंच शिकविला. म्हणून वायूच्या कायद्याचा विचार करतांना मी वारंवार कोळशाकडे वळेन, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

आतां मालकीचा प्रश्न. इंग्रजांचा एक जुना न्यायसिद्धांत असा कीं, जमीन ज्याची त्याचीच तिच्यावरची हवा आकाशापर्यंत व तिच्याखालची माती पाताळापर्यंत. अमेरिकेनें तो बराचसा जसाच्या तसा उचलला. त्यामुळें तेथें पेनसिल्व्हेनियांतील शेतकऱ्याच्या दारांत वायुकंपनीचा मनुष्य येतो, करारनामा पुढें करतो, आणि निघणाऱ्या वायूच्या उत्पन्नाचा निदान अष्टमांश मालकास द्यावा लागतो. त्या संस्थानाच्या कायद्यानेंच तो किमान ठरविला आहे. कर्जांत बुडालेले कित्येक शेतकरी यामुळें वर आले, हें खोटें नाहीं. पण त्याच संस्थानांत डिमॉक नांवाच्या खेड्यांत २००९ च्या सुमारास घरोघरच्या विहिरींच्या पाण्यांत मिथेन येऊं लागला, तेथील लोक वर्षानुवर्षें विकतचें पाणी पीत राहिले, आणि २०२२ सालीं कंपनीनें आरोपांचा प्रतिवाद न करतां गांवास नळाचें पाणी आणून देण्याचा खर्च पत्करला. न्यूयॉर्क संस्थानानें तर २०१४ सालींच ही फोडणी आपल्या हद्दींत बंद केली. तेव्हां ज्यांच्या शेताखालीं वायु आहे असे तेथील शेतकरी सरकारवरच चिडले, कीं आमच्या मालकीचें धन आम्हांस काढूं न देणारे तुम्ही कोण! मालकी असली म्हणजे नियमनाचा त्रास होतो तो असा.

परंतु अमेरिकेंतहि सर्वच शेतकरी भाग्यवान् नाहींत. १९१६ च्या एका कायद्यान्वयें पश्चिमेकडील कुरणांच्या ज्या मोठमोठ्या जमिनी लोकांस वसाहतीसाठीं दिल्या, त्यांतील खनिजें सरकारनें स्वतःकडे राखून ठेवलीं. शंभर वर्षांनंतर त्यांचे नातू-पणतू वरच्या गवताचे मालक आहेत, आणि खालचा पट्टा सरकार तिसऱ्यासच देतें. ही स्थिति आपल्या फार जवळची आहे.

इंग्लंडांत तर त्या जुन्या सिद्धांताच्या माहेरींच त्याला मर्यादा पडली. १९३४ सालीं तेथील कायद्यानें जमिनीखालील सर्व पेट्रोलियम राजसत्तेकडे घेतलें. पुढें एक मोठा मजेदार खटला झाला. लंडनच्या हॅरॉड्स दुकानाचे एके काळचे मालक मोहम्मद अल फायेद यांच्या ऑक्स्टेड येथील इस्टेटीखालून शेजारच्या जमिनींतून तिरप्या खणलेल्या तेलाच्या नळ्या ८०० ते २,९०० फूट खोलीवरून जात होत्या, आणि हें त्यांस वर्षानुवर्षें ठाऊकच नव्हतें. कळल्यावर ते कोर्टांत गेले. खालच्या कोर्टानें उत्पन्नाचे शेंकडा ९ त्यांच्या बाजूस देवविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २०१० सालीं निकाल झाला कीं, इतक्या खोलीवरहि जमीन मालकाचीच, परवानगीवांचून नळी नेणें हें अतिक्रमणच. मात्र तेल त्याचें नसल्यामुळें नुकसानभरपाई १,००० पौंड. पुढें २०१५ सालीं पार्लमेंटनें नवा कायदा करून तेंहि मिटविलें: ३०० मीटरखालीं कोणाच्याहि जमिनीखालून वायूसाठीं विहीर न्यावयास मालकाच्या संमतीची गरज राहिली नाहीं. गंमत अशी कीं, मालकाचा हक्क गेला तरी भूकंपाच्या धक्क्यांमुळें २०१९ सालीं सरकारनें इंग्लंडांत फोडणीच थांबविली; २०२२ सालीं कांहीं आठवडे ती बंदी उठली व पुन्हां लागू झाली.

आपल्या नागपूर प्रांतांत हा प्रश्न इंग्रजांनीं आपल्या देशाच्याहि आधीं निकालांत काढला. १८८१ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्यांतच लिहून ठेवलें होतें कीं, बंदोबस्ताच्या कागदांत किंवा सरकारी सनदेंत स्पष्ट उल्लेख नसेल तर खाणी, खनिजें, कोळसा व दगडखाणी यांवरील हक्क सरकारचा. मालगुजार गांवाचा धनी खरा, पण कोळशाचा नव्हे. वरोऱ्याची कोळशाची खाण सरकार स्वतःच १८७१ पासून १९०६ पर्यंत चालवीत होतें, तेव्हां कायदा करणाराच खाणवाला होता, हें लक्षांत ठेवावें. मालगुजारी १९५१ सालीं गेली, प्रांताचीं नांवें बदललीं, १९५४ चा मध्यप्रदेशचा कायदा आला, मग आपण मुंबई राज्यांत व पुढें महाराष्ट्रांत आलों. पण खालच्या धनाची मालकी एकदां सरकारकडे गेली ती पुन्हां वर आली नाहीं.

सध्यां महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा कायदा आहे. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आला. त्याचें कलम ४८ कास्तकारानें एकदां तरी वाचून घ्यावें. त्यांत म्हटलें आहे कीं, जमिनीच्या पृष्ठावर असोत वा पोटांत असोत, खाणींत, खड्ड्यांत, शेतांत, बांधांत, नाल्यांत, खाडींत, नदीच्या पात्रांत, जेथें म्हणून खनिज सांपडेल तेथें त्याजवरील हक्क राज्यसरकारकडे राखून ठेवलेला आहे. "शेतांत" आणि "बांधांत" हे शब्द कायद्यांत मुद्दाम लिहिलेले आहेत. इतकेंच नव्हे, तर तें खनिज काढण्यासाठीं जमिनीवर जाण्याचा, यंत्रें ठेवण्याचा, रस्ता करण्याचा हक्कहि त्याच कलमांत आहे, आणि सरकारला तो दुसऱ्याच्या नांवें करतां येतो. शेजाऱ्यांचें खरेदीखत म्हणून अपुरें नव्हतें. विकणाऱ्यापाशीं जी खालची बाजू नव्हतीच ती तो लिहून कशी देणार?

कोणी म्हणेल कीं, सर्वोच्च न्यायालयानें तर उलट निकाल दिला आहे. दिला आहे, पण तो नीट वाचावा. केरळांतील मलबार भागांतील जन्मी जमीनमालकांच्या प्रकरणांत ८ जुलै २०१३ रोजीं न्यायालयानें म्हटलें कीं, देशांतील सर्व खनिजें सरकारचींच असें सांगणारा एकहि सर्वसाधारण कायदा नाहीं. कायद्यानें काढून घेतलें नसेल तर खालचें धन वरच्या मालकाचेंच. मलबारांत तें काढून घेतलें गेलें नव्हतें. आमच्याकडे १८८१ पासून काढून घेतलें आहे. त्या निकालाची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आलेल्या दोघा-तिघांस हा फरक समजावतांना मला वाईटच वाटलें.

तेल आणि वायु यांवर याशिवाय केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे, तो १९४८ चा. त्यान्वयें १९५९ चे नियम झाले. भूभागावरील परवाना व पट्टा राज्यसरकारनें केंद्राच्या पूर्वसंमतीनें द्यावा अशी त्यांत योजना होती. शेल वायूसाठीं २०१३ सालीं केवळ सरकारी तेलकंपन्यांस त्यांच्या आधीच्या क्षेत्रांत शोधाची मुभा मिळाली. २०१८ सालीं इतर पट्टेदारांसहि ती खुली झाली. आणि २०२५ सालीं मूळ कायदाच दुरुस्त होऊन शेलचा वायु व कोळशाच्या थरांतला वायु या दोघांचा खनिज तेलाच्या व्याख्येंत स्पष्ट समावेश झाला. जुन्या कायद्यांत नियमभंगास सहा महिने कैद किंवा १,००० रुपये दंड होता. आतां कैद गेली आणि दंड २५ लाखांपर्यंत गेला. हें चांगलेंच झालें. पण दंड सरकारजमा होतो, आणि वायूवरचें स्वामित्वशुल्कहि राज्याच्या तिजोरींत जातें. ज्याच्या धुऱ्याच्या आंत विहीर खणली त्यास त्यांत अष्टमांश सोडाच, शतांशहि देणारें कलम या दुरुस्तींत नाहीं. कोळशाच्या खाणीपासून निदान जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे कांहीं रक्कम येते व ती खाणग्रस्त गांवांवर खर्चावी असें ठरलेलें आहे. ती कशी खर्च होते हा निराळा विषय. पण तें प्रतिष्ठान ज्या १९५७ च्या खनिज कायद्याखालीं आहे, त्याच्या व्याख्येंतून खनिज तेल वगळलेलें आहे. म्हणजे वायूच्या बाबतींत तोहि आधार नाहीं.

पर्यावरणाच्या परवानगीचा प्रकार त्याहून चमत्कारिक. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें तेल व वायूच्या कामास आधीं परवानगी लागते, व मोठ्या कामास जनसुनावणी. १६ जानेवारी २०२० रोजीं तींत दुरुस्ती होऊन केवळ शोधासाठीं खणावयाच्या विहिरी खालच्या वर्गांत टाकल्या गेल्या, आणि त्यांच्यापुरती जनसुनावणीची अट गेली. उत्पादनाच्या वेळीं सुनावणी होईल हें खरें. पण शोधाची विहीर आणि उत्पादनाची विहीर यांत खडकाच्या दृष्टीनें मोठा फरक नसतो, आणि सुनावणीची वेळ येईपर्यंत शेतांत रस्ता झालेला असतो, मुरूम पडलेला असतो, आणि गांवांत निम्म्या लोकांचे पैसे घेऊन झालेले असतात. महसूल खात्यांत ज्यानें काम केलें आहे त्यास हें सांगावें लागत नाहीं कीं, पहिल्या दिवशीं जो हरकत घेत नाहीं त्याची हरकत शेवटच्या दिवशीं कोणी ऐकत नाहीं.

तामिळनाडूच्या कावेरी खोऱ्यांतील भातवाल्यांनीं हें वेळेवर ओळखलें. मन्नारगुडी भागांत कोळशाचा वायु काढण्याचा करार २०१० सालीं झाला होता. सेंद्रिय शेतीचे वृद्ध पुरस्कर्ते जी. नम्माळवार गांवोगांव फिरून लोकांस समजावीत होते; त्या फिरतीवरच ३० डिसेंबर २०१३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. राज्यसरकारनें आधीं काम थोपविलें, मग २०१५ सालीं कायमचें नाकारलें, आणि २०२० सालीं कावेरी खोऱ्यासाठीं संरक्षित शेती क्षेत्राचा कायदाच करून तेथें तेल, वायु, शेल यांच्या नव्या विहिरींस मनाई केली. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तेथील शेतकऱ्यांनीं खालच्या वायूची मालकी मागितली नाहीं. ती मागून मिळणारी नव्हती. त्यांनीं वरच्या भाताचें पाणी मागितलें.

आमच्या कायद्यांत वरच्याचे हक्क आहेत, आणि तेच आपण पकडून ठेवावयाचे. कलम ४८ मध्येंच लिहिलें आहे कीं, खनिजाचा हक्क बजावतांना जमिनीचें पृष्ठ अडविलें गेलें किंवा बिघडलें आणि त्यामुळें कोणाचा हक्क मोडला, तर सरकारनें किंवा सरकारच्या पट्टेदारानें भरपाई द्यावी. रकमेबद्दल एकमत न झाल्यास ती कलेक्टरांनीं ठरवावी, व तेंहि मान्य नसल्यास दिवाणी न्यायालयानें. दुसरें, जमीन तात्पुरती हवी असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ८१ प्रमाणें ती तीन वर्षांहून अधिक काळ ठेवतां येत नाहीं. मुदत संपल्यावर जमीन पूर्ववत् करून द्यावयाची. आणि ती ज्या कामासाठीं पूर्वीं वापरली जात होती त्या कामास कायमची निरुपयोगी झाली असेल, तर मालकानें मागणी केल्यास सरकारला ती कायमचीच संपादन करावी लागते. ही मागणी करण्याचा हक्क आहे हें फार थोड्यांस ठाऊक असतें. सिमेंटचा ओटा व खाऱ्या पाण्याचा खड्डा राहिलेलें शेत मुकाट्यानें परत घेऊन लोक बसतात. आंत यंत्र येण्याआधीं शेताचा पंचनामा, विहिरीच्या पाण्याची पातळी व पाण्याची तपासणी हीं स्वखर्चानें करून ठेवावीं. नंतरच्या भांडणांत तोंडी सांगण्यास किंमत राहत नाहीं.

वायु येथें निघो न निघो, वायूच्या नळ्या तर आपल्या दारांत आल्याच आहेत. मुंबईहून नागपूरमार्गें झारसुगुड्याकडे जाणारी वाहिनी विदर्भाच्या शेतांतून आखलेली आहे. असल्या नळीसाठीं १९६२ चा कायदा आहे. त्यांत जमीन मालकाच्याच नांवें राहते, सातबारावर त्याचेंच नांव; केवळ वापराचा हक्क घेतला जातो व त्याबद्दल बाजारभावाच्या शेंकडा १० दिले जातात, पिकाची नुकसानी वेगळी. नळीवर पूर्वीप्रमाणें पीक घेतां येतें. पण त्या पट्ट्यांत घर बांधतां येत नाहीं, विहीर किंवा तळें खणतां येत नाहीं, झाड लावतां येत नाहीं. कापूसवाल्यास हें फारसें जाणवत नाहीं. संत्र्याची बाग लावूं म्हणणाऱ्यास कायमचें जाणवतें. हरकत घेण्यास अधिसूचनेपासून २१ दिवस.

हे २१ दिवस लिहितांना माझा हात थोडा अडखळतो, त्याचें कारण सांगून लेख पुरा करतों.

मी नोकरींत असतां, सुमारें पंधरा वर्षांमागें, माझे थोरले मामेभाऊ, ज्यांस आम्ही सर्व नाना म्हणतों, एक कागद घेऊन माझ्या घरीं आले. त्यांचें शेत कोळशाच्या टापूंत. म्हणाले, "बाबू, तू कचेरीत आहेस, तूच पाहून सांग, हा कायचा कागद आहे?" कागद कोळसाधारी क्षेत्रें (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ च्या कलम ४ खालील होता. त्या कलमान्वयें सरकार केवळ शोध घेण्याचा उद्देश जाहीर करतें. सरकारी माणसें शेतांत येतात, मोजणी करतात, भोंकें पाडतात, नुकसान झाल्यास भरपाई देतात. मीं सांगितलें, "नाना, हें फक्त पाहण्यापुरतें आहे. शेत तुमचेंच. काळजी करूं नका." त्या दिवशीं तें अक्षरशः खरें होतें. यंत्र आलें, चार ठिकाणीं भोंकें पाडून गेलें, तुरीच्या नुकसानीचे थोडे पैसेहि मिळाले.

दीड वर्षानंतर दुसरा कागद आला. तोच कायदा, तसाच छापील नमुना, तेंच गांव, तेच गट क्रमांक. नानांनीं तो मुलाच्या हातीं दिला, मुलानें कायद्याचें नांव पाहिलें आणि म्हटलें, "हा तर मागचाच आहे, काकांनीं सांगितलंय काळजी नाहीं म्हणून." कागद पेटींत पडला. दिवाळींत मी गांवीं गेलों तेव्हां सहज निघाला. त्यावर कलम ४ नव्हतें, कलम ७ होतें. कलम ७ म्हणजे संपादन करण्याचा उद्देश. आणि कलम ८ प्रमाणें त्याविरुद्ध हरकत घेण्यास ३० दिवस. मीं तारीख मोजली. त्रेचाळीस दिवस झाले होते.

हरकत घेतली असती तर शेत वांचलें असतें असें मी म्हणत नाहीं. कोळसा होता तेथें खाण झालीच असती. परंतु शेताच्या टोकाला विहीर व संत्र्यांचीं झाडें होतीं, तो तुकडा सीमेवरचा होता. तो वगळा असें म्हणावयास तरी जागा होती, आणि तें म्हणणें कागदावर आलें असतें. तें आलें नाहीं. पुढें मोबदला मिळाला, झाडांची मोजणी कमी भरली, त्याबद्दल अर्ज झाले, आणि आज तेथें मातीचा डोंगर आहे. नाना मला कधीं बोलले नाहींत. एकदांच म्हणाले, "कागद सारखेच दिसतात बाबू." माझी चूक कायद्याची नव्हती. पुढचा कागद येईल, तो निराळा असेल, आणि तो आल्या दिवशीं मला दाखवा, हें सांगावयाचें मला सुचलें नाहीं. तीस वर्षें लोकांचे कागद नोंदविणाऱ्या मनुष्यास आपल्या नात्यांतल्या माणसाला एवढें सांगावेंसें वाटलें नाहीं.

नाना आतां मोबदल्यांतून घेतलेल्या पलीकडच्या गांवच्या दोन एकरांत राहतात. त्यांच्या घरीं कोणताहि सरकारी कागद आला, अगदीं विजेचें बिल असलें तरी, तर ते आधीं कोपऱ्यांत पेन्सिलीनें मिळाल्याची तारीख लिहितात, मग चष्मा शोधतात.